निळ्या पायघड्या

माज्या छकड्यातनं कुनाच्या घरी काय गेलं ते म्या कुनाला सांगत न्हाई. पर इसरत बी न्हाई. पुन्याची लारी नसरापूरच्या सडकंला माल टाकायची, आनि तितनं म्होरं आमच्या बोरवाडीपतुर माजी बैलं. बोरवाडी म्हंजी भाटघरच्या धरनाच्या वरल्या अंगाला, ऐन तळ्याच्या काठाला. कुठल्या म्हाताऱ्यानं कलप मागवला, कुनाच्या सुनंला म्हायेरास्नं चोरून आरसा आला, समदं गेनबाला ठावं. म्हनून लोक माज्याशी गोड बोलत्यात आनि इस्वास कुनीच ठेवत न्हाई.

इस्वास न ठेवायला आनिक बी कारन हाय म्हना. सरकार आता सावलीवर पट्टी बसवनार, असं म्या एकदा चावडीपुढं तोंड पाडून सांगितलं. तर गावातल्या शान्यासुरत्यांनी दुपारचं भाईर पडायचं सोडलं. मानसिंग पाटील तर आठवडाभर छत्री घिऊन फिरत हुते. छत्रीची सावली मोठी पडती हे कुनीतरी सांगितल्यावर लई चिडले.

तर सांगायचं ते आमच्या तळ्याचं. आमचं तळं लबाड हाय. दिवाळीला बगाल तर तुडुंब, वरच्या माळाला टेकलेलं. होळीपुढं कालव्याला पानी सुटतं आनि काठ खाली खाली सरकाय लागतो. वैशाखात बगाल तर निस्ता गाळ, भेगा, आनि मदी मदी बुडालेल्या जुन्या गावाचे दगड वर आलेले. त्यातलाच एक रुंद काळा दगड बनाबाई परटिनीचा. तिच्या सासऱ्याचा सासरा त्यावर धुनं आपटायचा म्हनत्यात. धरन झालं, गाव वर आलं, दगड खाली ऱ्हायला. उन्हाळ्यात पानी उतरलं की बनाबाई दगडाला हळदकुकू लावती आनि कामाला लागती.

भोरचे वसंतराव वकील हितं आले ते दिवाळीतच. तळं बगितलं आनि खुळावले. माळावर बंगला बांधला. बंगला पुरा हुईस्तवर दुसरी दिवाळी आली. त्या वक्ताला माज्या छकड्यातनं एक पांढरंशिपत चिनी मातीचं भांडं गेलं, पेंढ्यात गुंडाळून, देवाच्या मूर्तीवानी. साखळीचा संडास. साखळी वढली की वरनं पानी सुटतं आनि समदं घिऊन जातं. त्याच्यासंगं लोखंडी नळ बी म्याच आनले. थोडेच हुते, बंगल्यापास्नं तवाच्या काठापतुर पुरतील एवढं.

पर म्या विटा न्हाई आनल्या, बंगला हितल्याच दगडमातीचा. चुना न्हाई. आनि आमच्याकडं दुसरा छकडा न्हाई. मग त्यो जो खड्डा वकील सांगायचे, की समदं खड्ड्यात मुरतं म्हनून, त्यो खड्डा कशाचा बांधला? ह्यो खडा माज्या डोक्यात तवापास्नं खुळखुळत हुता.

त्यानंतरच्या वैशाखात गावात हगवन आली. घरटी कुनी ना कुनी आडवं पडलं. बनाबाईचा मालक सावळाराम त्यातच गेला. मग सरकार जागं झालं. तळ्याचा काठ सुदारायला, पानी साफ ठेवायला पैसा मंजूर झाला. पैसा आला की कमिटी आलीच. कमिटीचे मुख्य कोन? वसंतराव वकील. दुसरं कोन शिकलेलं हुतं हितं?

फुडल्या सालच्या चैत्रात पुन्यास्नं आरोग्याचे एक सायेब आले. बोलायचे कमी. काठाकाठानं फिरले, हितनं तितनं पानी घिऊन बाटल्या भरल्या, बर्फाच्या पेटीत घातल्या, आनि ती पेटी माज्या छकड्यात. गावानं त्यांचं नाव ठेवलं बाटलीसायेब. लोकं म्हनली, तळ्याचा कस काडून नेला. एक म्हातारी तर मला म्हनली, "गेनबा, वाटंत दोन बाटल्या सांडून टाकायच्या हुत्यास, तेवडं तरी आपल्याला ऱ्हायलं असतं."

म्हयन्याभरानं बाटलीसायबाचा निरोप आला. परटिनीच्या दगडापाशी जे पानी हाय त्यात मानसाच्या पोटातल्या घानीचे जंतू हायेत, लई हायेत.

वकिलांनी चावडीत बैठक घेतली. उभं राहून बोलले. "मंडळी, उघड आहे. ही बाई आजाऱ्यांची अंथरुणं, लेकरांची दुपटी त्या दगडावर धुते. तेच पाणी तुम्ही पिता. सरकारचा पैसा आहे, तो नीट लावायचा. काठापर्यंत मुरमाचा रस्ता, उतरायला पायऱ्या, आणि तो दगड फोडायचा. बाईनं ओढ्यापलीकडं जावं."

बनाबाई दारापाशी उकिडवी बसली हुती. बोलली न्हाई. पाटलांनी इचारलं, "काय गं, बनाबाई?" तिनं पदर फुडं वढला.

दुसऱ्या दिशी म्या बैलं पान्यावर नेली तर ही दगडावर बसलेली. धुनं तसंच पडलेलं.

"गेनबा," म्हनली, "तुज्या त्वांडाला मी भुलत न्हाई. पर एक खरं सांग. दगड फोडत्यात ते खरंच, का तुजी थाप हाय?"

"थाप असती तर मी लांबनं हसत आलो असतो."

"व्हय. तेच बगत हुते मी, हसतोस का." आनि मग लुगड्याचा पदर पिळीत बसली, कोरडाच पदर. "वड्यापल्याड निस्ता कडा हाय. तितं उभं ऱ्हायाला जागा न्हाई. कापडं घिऊन कोन यील? धुनं न्हाई तर सुगीला दान्याची पायली कोन घालंल मला? आनि काय म्हनत्यात, माज्या दगडानं हगवन आली. म्हंजी माजा मालक म्याच मारला व्हय?"

 म्या बैलाच्या पाठीवरची माशी मारली.

"आनि आनिक ऐक," ती म्हनली. "पाटलांचा सांगावा आलाय. सायेब येनार, तर पायघड्या परटानंच घालायच्या, रीतच हाय. म्हंजी माज्याच पायघड्यांवरनं चालत येनार आनि माजाच दगड फोडनार."

तवा माजी नदर वर गेली. बंगल्यापास्नं खाली दगडाकडं समदा उतार उन्हानं भाजलेला, पिवळा. आनि मदीच एक जागा हिरवीगार. अळू. पानं अशी की वड्या कराव्यात. वैशाखात, पाऊस न्हाई, झरा न्हाई, मोरी न्हाई. मंग अळवाला पानी कोन घालतं? आनि ती जागा कुठं, तर दिवाळीत जितं काठ हुता, बराबर तितं.

म्या पाटलांकडं गेलो. म्हनलं, "पाटील, वकिलांच्या संडासाला खड्डा न्हाई. म्या विटाच आनल्या न्हाईत."

पाटील सुपारी कातरत हुते. मान बी वर केली न्हाई. "सावलीवरची पट्टी आली का रं, गेनबा?"

संपलं. मंग म्या सरळ वकिलांकडंच गेलो. ते व्हरांड्यात बसलेले. "वकीलसायेब, त्यो तुमचा खड्डा नेमका कुठं हाय म्हनायचा?"

"तुला कशाला रे चौकश्या?"

"न्हाई, बैल चरत असतो हिकडं. पाय गेला येखाद्याचा तर."

"परसात आहे. वर फरशी घातलीय. बैल सांभाळ तुझा." आनि चष्म्यावरनं माज्याकडं असं बगितलं, की म्या घरला जाऊस्तवर पाठ खाजत हुती.

दुसऱ्याच दिशी मला सांगावा. मुरूम आन. कुठं टाकायचा? कमिटीचा रस्ता हितनं जानार, म्हनून मुरूम बराबर अळवावर. म्हंजी काल इचारलं आनि आज झाकलं. सरकारच्या पैशानं. रस्ता खरं तर देवळाकडनं सरळ खाली जायचा हुता. त्यो वाकडा करून बंगल्याच्या फाटकापास्नं काडला. म्या मुरूम टाकला, धुमसून दिला. उकरून दाखवलं असतं तर गावच म्हनलं असतं, नळ गेनबानंच पुरला हितं, त्येचा काय भरवसा.

तवा म्हनलं, आपुन बोलायचंच न्हाई. आपुन बोललो की खोटं हुतंय. बोलायचं त्या भांड्यानंच.

दगड फोडायच्या समारंभाचा दिस ठरला. वकिलांनी मला सांगितलं, पाव्हनं लई येनार, संडासाची वरची टाकी भरून ठेव. हापशानं पुरत न्हाई, तू पिंपानं पानी आन. म्हनलं, आनतो की. जाताना बनाबाईच्या वसरीवर निळीची पुरचुंडी टांगलेली असती, ती खिशात टाकली. थोडी पिंपात घोळली आनि पिंप टाकीत. मंग गावात गेलो.

गावात म्या थाप मारली न्हाई. खरं तेच सांगितलं. बंगल्यात एक साखळी हाय, वढली की आगगाडीवानी आवाज हुतो आनि पान्याचा लोंढा येतो. आज समारंभ हाय, बाईसायेब दाखवत्यात म्हनं. बास. माज्या त्वांडची गोष्ट म्हनून पुरुषमानसं हसली. बायका हसल्या न्हाईत. बायका बगायला गेल्या.

वकिलांच्या मंडळी सौदामिनीबाई. मानूस वाईट न्हाई, पर भोरास्नं आल्यापास्नं त्यांचा संडास कौतुकानं बगनारं कुनी भेटलंच नव्हतं. आदी पाटलीनबाईला दाखवला. पाटलीनबाईनं साखळी वढली, आवाज झाला, पानी आलं. निळं.

"अगंबाई," पाटलीनबाई म्हनल्या, "निळं कसं वो हे?"

म्या टाकीच्या शिडीवर हुतो, खिडकीतनं समदं ऐकत. सौदामिनीबाईंनी भांड्यात वाकून बगितलं. त्यांना तरी कुठं ठावं. पर पाटलीनबाईपुढं ठावं न्हाई कसं म्हनायचं.

"औषध असतं त्यात," त्या म्हनल्या. "जंतू मरतात. पुण्याहून येतं. आमच्याकडे असंच असतं."

झालं. पाटलीनबाईनं भाईर येऊन समद्यास्नी सांगितलं, बाईसायबांच्या संडासात निळं औषध येतं. मंग रांगच लागली. जी ती साखळी वढती, जी ती पदर त्वांडाला लावून हसती, आनि भाईर येऊन दुसरीला सांगती. फुलाबाई तर दोनदा जाऊन आली. म्हनली, पैल्यांदा डोळं मिटलं हुतं. म्या नीळ घोळून पिंपावर पिंप आनत हुतो. वकील एकदा म्हनले बी, "गेनबा, एवढं पाणी?" म्हनलं, "सायेब, पाव्हनं लई हायेत."

तिकडं बनाबाई पायघड्या घालत हुती. परटीन पायघड्या कशाच्या घालनार? गावानं धुवायला दिलेल्या कापडांच्याच. तसंच असतंय ते. पैलं बंगल्याचं फाटक, म्हनून पैल्या पायघड्या वकिलांच्याच धोतरांच्या, दुधावानी पांढऱ्या. म्होरं पाटलांची पासोडी, मंग चादरी, लुगडी, पार दगडापतुर. दगडापाशी एक वडार घन घिऊन उभा. बनाबाई एक धोतर हातरायची, हातानं सुरकुती काडायची, म्होरं सरकायची. माज्या जवळनं गेली तर हळूच म्हनली, "वसरीवरची नीळ गेली माजी."

"मांजरानं नेली आसंल."

"मांजर बी तुज्यावानीच चालतं." आनि फुडं गेली. संशयानं मानूस असं बगतं की उनातबी हुडहुडी भरती.

बाटलीसायेब आले. पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात त्योच बाटल्यांचा डबा. त्यांच्यावर बी माजा संशय हुताच. वकिलांच्याच घरी उतरले हुते, त्यांच्याच हितं श्रीखंड खाल्लं. खाल्ल्या मिठाला कोन न जागंल? ताशा वाजला. वकील एका अंगाला, पाटील एका अंगाला, मदी सायेब. फाटकातनं निघाले.

फाटकापास्नं थोडं खाली आले आनि सायेब थांबले. बूट उचलून बगितला. खालनं निळा. धोतरावर निळा डाग, ताटाएवडा. बगता बगता परातीएवडा झाला. आनि वास. वास कसला ते सांगाया नको, ताशेवाल्यानं आपसूक वाजवायचं बंद केलं.

वकील एका क्षनात सावध झाले. वकीलच शेवटी. "नीळ आहे ही. परटिणीची. बघा साहेब, शेवटच्या दिवशीसुद्धा हिला नीट काम करता येत नाही. की मुद्दाम केलंस गं?"

समदं गाव बनाबाईकडं बगाय लागलं. तिचा रंग उडाला.  हे माज्या हिशोबातच नव्हतं. नीळ तिची, कापड तिच्या हातचं. म्या तिच्याच गळ्यात फास घातला की. तिनं माज्याकडं बगितलं. एक शबुद बोलली असती तर म्या गेलो असतो. पर ती गपच उभी ऱ्हायली, बैठकीत बसली हुती तशी. म्या तोंड उघडलंच हुतं, जे व्हईल ते हू दे म्हनून.

तेवड्यात पाटलीनबाई बोलल्या. "परटिनीची नीळ कशी? हे बंगल्यातलं औषध हाय. म्या सवता साखळी वढली."

"व्हय, म्या बी," फुलाबाई म्हनली. "दोनदा."

"जंतूवरचं औषध हाय ते," मागनं कुनीतरी. "पुन्यास्नं येतं. बाईसायबांनीच सांगितलं. आमच्याकडं कुठलं असलं निळं."

बाटलीसायबानं वकिलांकडं बगितलं. मंग सौदामिनीबाईकडं. त्या फाटकात उभ्या हुत्या, पदराचं टोक दातात. "बाई, असं औषध तुमच्याकडे वापरतात?"

आता न्हाई म्हनावं तर पाटलीनबाईपुढं खोटं पडायचं, व्हय म्हनावं तर नवरा खाऊ का गिळू करतोय. त्या म्हनल्या, "पाणी निळं येतं खरं."

सायेब खाली वाकले. पायघडी बाजूला केली. रुमाल काडला, पांढरा, आनि मुरमावर पसरला. "वर जाऊन एकदा साखळी ओढा कुणीतरी."

फुलाबाई पळाली. आमी समदे त्या रुमालाकडं बगत उभे. वर आगगाडी वाजली. थोडा येळ काय न्हाई.  मंग रुमालाच्या मदोमद एक ठिपका आला, निळा. मोठा झाला. रुमाल वला झाला.

सायबानं वडाराला हाक मारली. "घण राहू दे. पहार आण." वडारानं मुरूम उकरला. पैल्यांदा अळवाची दबलेली पानं निगाली. मंग नळाचं तोंड.

"तळं मागं सरकलं त्याला मी काय करू?" वकील म्हनले. "नळ टाकला तेव्हा पाणी इथवर होतं. नळ पाण्यात बुडलेला होता."

"बुडलेला होता, म्हणजे बरं होतं?" सायेब म्हनले. बास एवडंच. मंग बाटल्यांचा डबा उघडून त्या डबक्यातनं एक बाटली भरली, बूच लावलं आनि चिठ्ठी चिकटवली. दगडाकडं गेले बी न्हाईत. वडार घन खांद्यावर टाकून घरला गेला.

तिसऱ्या दिशी मला सांगावा. नसरापुरास्नं विटा आन, चुना आन. वकिलांच्या परसात खड्डा बांधायचा हाय. म्हनलं, भाडं कुनाकडनं? तर म्हनले, कमिटीकडनं. पानी साफ ठेवायलाच पैसा आलाय ना, मंग खड्डा त्याच कामाचा की. बरोबर हाय. कायद्यात बसतंय. फकस्त सरकारच्या पैशानं खड्डा वकिलांचा झाला. आनि विटा खाली करताना म्या बगितलं, थोड्या विटा परसात न जाता अंगनात रचल्या. सौदामिनीबाईंना तुळशीवृंदावन पायजेल हुतं. इचारलं न्हाई म्या. पर इसरनार बी न्हाई.

छकडा घिऊन परत येताना खाली गेलो. बनाबाई दगडावर, गुडघाभर पान्यात, वकिलांचं धोतर आपटत हुती. दगडाला हळदकुकू ताजं लावलेलं.

"घे," म्हनलं, आनि निळीची नवी पुडी फेकली.

तिनं झेलली. उघडून बगितली, हुंगली, चिमटीत घिऊन जिभंला लावली. "ह्यात माती न्हाई मिसळलीस नव्हं?"

"आई शपत न्हाई."

"तुज्या आईची शपत तू म्हशीच्या सौद्यात बी घेतोस." पुडी कनवटीला खोचली. मंग वर बंगल्याकडं बगितलं. "अळू वाळलं का रं तितलं?"

"वाळाय लागलंय."

"दिवाळीला पानी वर चढंल तवा त्यो खड्डा बुडतोय का न्हाई, कुनी बगितलंय का?"

म्या वर परसाकडं बगितलं. तिनं धोतर परत दगडावर टाकलं.

"मंग तवा सांग मला. आता व्हय बाजूला, शिंतोडं उडत्यात."